दहा सह्या

प्रश्न साधा आहे. ज्याचं पोट गिऱ्हाइकावर चालतं त्यानं आमदारकीला उभं राहावं का?

हा प्रश्न मी पुस्तकातून उचललेला नाही. तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता, हातात कागद घेऊन. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तेव्हापासून तो मला सोडत नाही. म्हणून लिहायला बसलोय. मी काही विचारवंत नाही. मशीन चालवणारा माणूस आहे. चुकलंमाकलं तर समजून घ्या.

मैंदर्गीत माझं टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनी, एक कात्री, एक इस्त्री आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. अक्कलकोटहून दुधनीकडं जाताना आमचं गाव लागतं. नगरपरिषद आहे म्हणून कागदावर शहर, बाकी गावच. कर्नाटकाची हद्द जवळ. इथं मराठीइतकंच कन्नड कानावर पडतं. गिऱ्हाईक पायरी चढलं की आमच्या तोंडातून आपोआप 'हौद्री' निघतं. हौद्री म्हणजे होय जी. कापड कमी आणलं तरी हौद्री, मजुरी उद्या देतो म्हणालं तरी हौद्री, गावात कुणाचं चुकलं यावर त्यानं मत दिलं तरी हौद्री. दुकानदाराची हीच बाराखडी.

शेजारी अण्णांचं चप्पल-बुटाचं दुकान. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. गावातल्या प्रत्येक जातीचा पाय त्यांच्या हातात आलेला. कुणाचा तळवा कसा झिजतो, कोण उधारी बुडवतो, कोण बायकोला चप्पल घेताना घासाघीस करतो आणि स्वतःला मात्र भारी बूट घेतो, सगळं त्यांना ठाऊक. मला ते मास्तर म्हणतात. माझ्या दुसऱ्या मशीनच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही त्यांचीच होती. हे मुद्दाम आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढं लपवता येणार नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरची गोष्ट. विधानसभेची निवडणूक लागली होती. अर्ज भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर. आणि २९ तारखेला धनत्रयोदशी. आता तुम्हीच बघा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आम्हा टेलर-चप्पलवाल्यांचं अख्खं वर्ष. ज्याच्या कारखान्यात माणसं राबतात त्याला त्या दिवसांत अर्ज भरायला सवड असते. ज्याला स्वतःच गल्ल्यावर बसायचं असतं त्यानं दुकान झाकून अक्कलकोटला खेपा घालायच्या. कुणी कट करून तारखा ठरवल्या असं मी म्हणत नाही. पण तारीख ठरवताना आमच्यासारखा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढं नसतो, एवढं खरं.

त्यात एका संध्याकाळी अण्णा आले. म्हणाले, "मास्तर, सही पायजे तुमची."

"कशावर?"

"अर्जावर. मी उभा राहायलोय."

मी हसलो. ते हसले नाहीत. "अपक्षाला दहा सूचक लागतेत. सात झालेत. आठवी तुमची."

"निवडून येणार हाय का तुमी?"

"न्हाई."

"मग कशाला?"

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मास्तर, कर्जाचा अर्ज घेऊन मी कचेरीत गेलतो. दोन जामीनदार आणा म्हणाले, पगारदार. आपल्या वस्तीत पगारदार किती? हाय त्यो आधीच दहा जणांला जामीन. ज्याला जामीन मिळतो त्याला कर्जाची गरज नसती, आन् ज्याला गरज हाय त्याला जामीन न्हाई. ही गोष्ट भाषणात कुणी बोलतंय का? एकदा तरी माइकवरून बोलून दावतो की."

मी म्हणालो, "विचार करून सांगतो." दुकानदाराच्या तोंडी 'विचार करून सांगतो' म्हणजे काय, हे दुसऱ्या दुकानदाराला सांगावं लागत नाही. ते उठले. चहाचा कप त्यांनी स्वतः विसळून ठेवला.

गोष्ट एवढीच. त्यांना दहा सह्या मिळाल्या नाहीत. अर्ज भरला गेला नाही. २० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल लागला, त्यात अण्णांचं नाव कुठंच नव्हतं. मी स्वतःला समजावतो की माझी धरून आठच झाल्या असत्या, आठ म्हणजे दहा नव्हेत. पण नववा आणि दहावा कुणाकडं बघून ठरवतो? शेजारच्या दुकानदारानंच नाही म्हटलं हे कळल्यावर पुढचा माणूस पेन कशाला काढील?

हे दहाचं गणित आधी समजून घेऊ. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक पुरतो. अपक्षाला आणि मान्यता नसलेल्या पक्षाच्या माणसाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात. हे कायमचं नव्हतं. १९९६ पर्यंत सगळ्यांनाच एक सूचक पुरत होता आणि विधानसभेची अनामत होती २५० रुपये, आपल्याला १२५. १९९६ साली आंध्रात नळगोंडा लोकसभा मतदारसंघात ४८० उमेदवार उभे राहिले. तिथल्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसांची हाडं वाकत होती, कुणी ऐकत नव्हतं, म्हणून लोकांनी अर्जांचा ढीग लावला. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला शेतकऱ्यांनी असंच केलं, तिथं उमेदवार झाले १०३३. त्याच साली कायदा बदलला. दहा सूचक आले, अनामत ५००० झाली, आपल्याला २५००. २०१० पासून ती १०,००० आणि ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर अनामत जप्त. कारण काय दिलं? हौशे, नवशे, गवशे आवरायला हवेत. हौसेनं उभे राहणारे असतात, मला मान्य आहे. पण हाडं वाकलेला माणूस हौशा होता का? कायद्याच्या चाळणीतून भुसा खाली जातो तसे बारीक दाणेही जातात. वर राहतात ते गोटे.

आता माझ्याकडं वळतो. मी सही का केली नाही?

पहिलं उत्तर मी त्या रात्री बायकोला दिलं. दिवाळीची शिलाई गावातल्या मोठ्या घरांतून येते, त्यांचा माणूस वेगळा उभा आहे, सही केली तर कपडे दुसऱ्या टेलरकडं जातील. बायको म्हणाली, "त्यांनी म्हटलं का तसं?" मी म्हटलं, "नाही."

इथंच माझं घोडं अडलं. मला कुणी धमकी दिली नव्हती. कुणी निरोप धाडला नव्हता. कुणी डोळे वटारले नव्हते. आणि कायदा तर माझ्या बाजूनं इतका पुढं आलाय की वाचून थक्क व्हावं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. आपल्या माणसाला मत देऊ नको म्हणून दमदाटी करणं गुन्हा आहेच. उमेदवारी अर्ज भरू नको, भरलेला मागं घे म्हणून धमकावणं हाही गुन्हा. आणि आपल्यातल्या कुणाचं नाव उमेदवार म्हणून सुचवू नको असं धमकावणं हाही गुन्हा. म्हणजे सूचकाची, माझ्यासारख्याची भीतीसुद्धा कायद्यानं ओळखली. आर्थिक बहिष्काराची धमकीही त्यात आहे. शिवाय महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे.

पण फिर्याद कुणावर करू? ज्यानं मला अडवलं त्याचं नाव काय लिहू? माझंच लिहावं लागेल.

दोस्तांनो, एके काळी बहिष्कार घालायला दवंडी लागायची. १९३० सालच्या स्टार्ट समितीच्या अहवालात तो बहिष्कार नोंदवलेला आहे, बाबासाहेब त्या समितीवर होते. हक्क मागितला की काम बंद, वाट बंद, वाण्याचं दुकान बंद. तो बहिष्कार दिसत होता. त्याच्याशी भांडता येत होतं. दुकानदाराला मिळतो तो बहिष्कार दिसत नाही. गिऱ्हाईक येत नाही, बस्स. त्याला कुठल्या कलमात पकडणार? गिऱ्हाइकानं कुठं शिवायला टाकावं याची सक्ती कायदा करू शकत नाही, करूही नये.

आणि हा अनुभव आपल्यापैकी सगळ्यांत शिकलेल्या माणसालाही आलेला आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले. बडोद्याची नोकरी सुटली. पोटासाठी मुंबईत त्यांनी शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. धंदा सुरू झाला. मग सल्ला देणारा कोण, हे गिऱ्हाइकांना कळलं. कुणी दगड मारला नाही. लोक यायचे बंद झाले. पेढी बुडाली. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढचा इतिहास आपण सगळे घोकतो. पण त्या बंद पडलेल्या पेढीकडं आपण बघत नाही. अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा धंदा गिऱ्हाइकांच्या नुसत्या न येण्यानं मोडला. तो माणूस पुढं कायदेमंडळात जाऊन बसला. १९२७ साली सरकारनियुक्त म्हणून, आणि १९३७ साली मुंबईच्या भायखळा-परळ भागातून लोकांच्या मतांवर.

म्हणजे धंदा मोडलेला माणूस उभा राहू शकतो हे दिसलं. माझा धंदा मोडलेला नव्हता. मोडेल अशी भीती होती. आता मला असं दिसतं की मोडण्यापेक्षा मोडायच्या भीतीनंच माणूस जास्त बांधला जातो.

माझं दुसरं उत्तर जास्त वाईट आहे. ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. अण्णा चांभार. आम्ही बौद्ध. मनात कुठंतरी आलं की हा काही आपल्यातला नाही, त्याच्यासाठी मी कशाला अंगावर घेऊ? हे लिहिताना हात थरथरतो, पण लिहितो. गावकुसाबाहेर राहून आम्ही आतली कुसं जपली.

आणि इतिहास काय सांगतो? १९३७ ला भायखळा-परळात बाबासाहेबांसमोर काँग्रेसनं उभं केलं ते पी. बाळूंना, पळवणकर बाळू. हिंदुस्थानातला पहिला मोठा गोलंदाज, जातीनं चांभार. माणूस थोर, त्याबद्दल शब्द नाही. पण आपल्यासमोर आपलाच उभा करायची ही जुनी रीत. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. ही गोष्ट सांगून आमच्यातले काही जण म्हणतात, बघा, त्यांचं-आपलं जमत नाही. मग दुसरी गोष्ट का सांगत नाहीत? १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मुंबईनं बाबासाहेबांना पाडलं. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे देशभरातून लोकसभेत दोनच जण गेले. त्यांतले एक आमच्या सोलापुरातून, पां. ना. राजभोज. राजभोज चांभार होते. त्याच सोलापुरातून दुसऱ्या जागेवर शेकापचे शंकरराव मोरे गेले. म्हणजे जे मुंबईला जमलं नाही ते या कोरडवाहू जिल्ह्यानं करून दाखवलं. फेडरेशनच्या मतदारानं तेव्हा 'हा आपल्यातला का' असं विचारलं असतं तर? मी त्याच जिल्ह्यातला. माझ्या आज्यानं जो प्रश्न विचारला नाही तो मी विचारला.

आता मूळ प्रश्न. माझ्या ओळखीचे शिकले-सवरलेले लोक म्हणतात, भीतीचं सोड, पण तत्त्व म्हणूनसुद्धा छोट्या दुकानदारानं उभं राहू नये. जो शंभर जणांच्या मर्जीवर जगतो तो कुणाविरुद्ध बोलणार? आणि ज्याची उधारीची वही शंभर घरांत पसरलीय, त्यानं मत मागणं म्हणजे दमदाटीच की.

हा आक्षेप हलका नाही. कायदाही एक प्रकारचं मिंधेपण मानतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम आहे. सरकारला माल पुरवायचा किंवा सरकारी बांधकामाचा करार ज्याच्या धंद्यात चालू आहे, त्याला त्या सरकारच्या विधानसभेत बसता येत नाही. बरोबरच आहे. ज्यानं सरकारला जाब विचारायचा त्यानंच सरकारकडून बिल काढायचं हे जमणार नाही. पण गिऱ्हाइकाच्या आणि घाऊक व्यापाऱ्याच्या मिंधेपणाबद्दल कायदा काही बोलत नाही. ते प्रत्येकाच्या सद्सद्विवेकावर सोडलंय.

अण्णांनी त्यावर काय विचार केला होता ते मला नंतर कळलं, आणि माझी मान खाली गेली. त्यांच्या वहीत गावातली बरीच नावं. त्यांच्यापुढं पेच असा. निवडणुकीच्या दिवसांत उधारी मागितली तर धाक होतो. माफ केली तर लाच होते. कायद्याच्या भाषेत दोन्ही भ्रष्ट आचरण. नवी उधारी दिली तरी तेच. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की अर्ज भरला की वही पेटीत टाकायची आणि पेटीची किल्ली घरात द्यायची. मतदान होईपर्यंत मागायचं नाही, सोडायचं नाही, वाढवायचं नाही. पण सोलापूरचा घाऊक व्यापारी थांबणार होता का? तो काही मतदार नव्हता. त्याचे पैसे अण्णा कुठून देणार होते? बायकोच्या बांगड्या. असा हिशेब मांडून तो माणूस माझ्या पायरीवर आला होता. मी विचारलं, निवडून येणार का?

मला सांगा, ज्यांचे कारखाने, बँका, शिक्षणसंस्था आहेत त्यांच्या वह्यांचं काय? उसाची तोड कुणाची आधी, नोकरी कुणाच्या पोराला, कर्ज कुणाला, ही सगळी उधारीच नव्हे का? ती वही निवडणुकीत कोण पेटीत टाकतं? निवडणूक म्हणजे तर ती वही उघडायचा मोसम. दुकानदार मिंधा म्हणून त्यानं उभं राहू नये हे तत्त्व मानलं, तर मजूर त्याहून मिंधा, नोकरदार बदलीला मिंधा, बाई घराला मिंधी. मग उरतो कोण? ज्याचे सगळे मिंधे आहेत तो. विधानसभेच्या २८८ जागा त्याच्याच. आक्षेप दिसतो नीतीचा, फळ मात्र जुन्याच झाडाला लागतं.

आणि एक बघा. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर जगणं हे एकट्या दुकानदाराचं दुखणं नाही. १९३२ च्या पुणे करारानं तेच आपल्या सगळ्या उमेदवारांच्या कपाळी लिहिलं. जातीय निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ होते, आपला माणूस आपल्या मतांवर जाणार होता आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही आपल्याला मत होतं. गांधीजींनी उपोषण मांडलं आणि २४ सप्टेंबरला करार झाला. जागा वाढल्या, १४८ झाल्या. पण मतदार सगळ्यांचा एकत्र झाला. तेव्हापासून आपला राखीव उमेदवार म्हणजे चौकातलं दुकान. आपली चार गिऱ्हाइकं, बाकीची बाहेरची. बाहेरच्यांना जो माल पटेल तो खपणार. आजही विधानसभेत २९ जागा अनुसूचित जातींना आहेत, आमच्या जिल्ह्यात ११ पैकी मोहोळ आणि माळशिरस. तिथंही उमेदवाराला हौद्री म्हणावं लागतंच, फक्त तिथलं हौद्री मराठीत असतं. अक्कलकोट तर खुला मतदारसंघ.

पण याच चौकटीत १९३७ घडलं. स्वतंत्र मजूर पक्ष जन्मून वर्षसुद्धा झालं नव्हतं. १७ उमेदवार उभे केले, १४ निवडून आले. त्यांतले ११ राखीव जागांवर आणि ३ सर्वसाधारण जागांवर. सोलापूरचे जिवाप्पा ऐदाळे त्या चौदांत होते. तेव्हा सरसकट सगळ्यांना मत नव्हतं. अक्कलकोट तर संस्थान, १९४८ साली विलीन झालं, त्यामुळं संस्थानी मुलखाला त्या मतदानात जागाच नव्हती. आणि त्या चौदांनी काय केलं? बाबासाहेबांनी त्याच वर्षी खोतीविरुद्ध विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. महार वतनाचा प्रश्न त्यांनी १९२८ पासून लावून धरला होता, तोही तेव्हा सुटला नाही. खोती गेली १९४९ च्या कायद्यानं. महार वतन गेलं १९५८ च्या कायद्यानं, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. म्हणजे निवडून आलेली माणसंसुद्धा त्या त्या दिवशी हरलीच होती. पण मागणी कागदावर आली होती. एकदा कागदावर आलेली मागणी मरत नाही. 'निवडून येणार का' हा माझा प्रश्न म्हणूनच खोटा होता. विचारायला हवं होतं ते हे, की तुम्ही उभे राहिला नाहीत तर ही गोष्ट कुणाच्या तोंडून निघेल?

आता सहीबद्दल शेवटचं.

मत गुप्त असतं. हे गरिबाचं सगळ्यांत मोठं कवच. पडद्याआड गेलो की मालक, सावकार, गिऱ्हाईक कुणी दिसत नाही. मी त्या पडद्यावर फार प्रेम करतो. पण त्या दिवशी मला कळलं की पडद्याआडचं मत हवेत तयार होत नाही. यंत्रावर एक नाव असावं लागतं, आणि ते नाव तिथं यायला काही माणसांना पडद्याबाहेर यावं लागतं. उमेदवाराला तर अंगरखाच काढावा लागतो. २००३ पासून शपथपत्र आहे. त्याची मिळकत, बायकोचं सोनं, कुणाचं किती देणं, सगळं लिहून द्यायचं, आणि ते कुणालाही वाचता येतं. कारखानदाराला त्याची लाज नाही, कोटीचा आकडा मिरवायचाच असतो. चप्पलवाल्यानं आपलं देणं चारचौघांत टांगायचं म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. अण्णा त्याला तयार होते. मला फक्त नाव लिहायचं होतं. हजारो लोकांना गुप्त मताचं कवच मिळावं म्हणून दहा जणांनी उघडं व्हायचं, असा हा व्यवहार आहे. मी कवच घेतलं आणि उघडं व्हायचं दुसऱ्यावर ढकललं.

आमच्या वस्तीत एक म्हातारी आक्का आहे. लिहिता येत नाही. अण्णांनी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तीच म्हणाली, "माजा अंगठा घे की." अण्णांनी सांगितलं, आक्का, सही असती तर इथंच चालली असती, अंगठा मात्र साहेबासमोर उठवावा लागतो, अक्कलकोटला यावं लागंल. ती म्हणाली, "येती की. एक दीसाचा रोजगार बुडंल, जीव तर जात न्हाई." सातांमध्ये ती एक होती. मला दहावीपर्यंतचं शिक्षण, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि खिशात पेन. शिका म्हणून सांगितलं होतं ते कशासाठी? सही येत असून न करण्यासाठी?

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं. छोट्या दुकानदारानं उभं राहावं का, हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. तो एकटा असेल तर त्यानं राहू नये, घर बुडेल, पोरं रस्त्यावर येतील, आणि असं घर बुडवायचा सल्ला लांबून देणं हे पाप आहे. त्याच्यामागं दहा उघडी नावं असतील तर त्यानं जरूर राहावं. म्हणजे त्यानं राहावं की नाही हे आपण ठरवतो. आपण सही करत नाही आणि मग म्हणतो, आपल्यातला कुणी लायक माणूस पुढंच येत नाही. येतो की. पायरीवर येऊन बसतो. चहा पिऊन जातो.

त्या दिवाळीत मोठ्या घरांची शिलाई माझ्याकडंच आली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालली. पैसे मिळाले. त्या पैशांतून कर्जाचा हप्ता भरला, ज्या कर्जाला अण्णा जामीन आहेत.

अण्णा अजून शेजारीच बसतात. माझ्याशी बोलणं त्यांनी तोडलं नाही, माझ्याकडं गिऱ्हाईकही पाठवतात. त्या कागदाचा विषय काढत नाहीत. मी एकदा काढला. म्हटलं, "अण्णा, पुढच्या बारीला माझी पहिली सही." ते तळव्याला सोल चिकटवत होते. मान वर न करता म्हणाले, "बघू की मास्तर. तवर कोण ऱ्हातंय, कोण न्हाई."

वाचणाऱ्यांना माझं मागणं एवढंच. तुमच्या गावात असा कुणी कागद घेऊन आला तर निवडून येणार का म्हणून विचारू नका, त्याची जात विचारू नका. तो काय बोलणार आहे ते विचारा. पटलं तर पेन काढा. उद्या सांगतो म्हणू नका. मुदत २९ तारखेला संपते.